दुखणं सोसायचं कशासाठी? हडपसरकरांनो, मॉर्फिनबद्दल जरा मोकळं बोलूया

पोस्ट मोठी आहे. पण हा विषय आज ना उद्या आपल्या प्रत्येकाच्या घरी येणार आहे, म्हणून सवडीने का होईना, पूर्ण वाचा.

"आता दुखणारच ना, कॅन्सर आहे."

हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलंय. नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, कधीकधी डॉक्टरसुद्धा म्हणून जातात. मग पेशंट गप्प बसतो. रात्री दोन वाजता भिंतीकडे तोंड करून कण्हतो. घरातले सगळे जागे असतात, पण कुणी उठून बसत नाही, कारण उठून करायचं काय हेच कुणाला माहीत नसतं. सकाळी कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "ठीक आहे, झोप नाही लागली एवढंच."

बायकांचं तर अजून वेगळं. गर्भाशयाच्या पिशवीचा किंवा स्तनाचा कॅन्सर झालेली बाई दुखतंय म्हणायलाही लाजते. बाईच्या जातीला सोसावं लागतं, हे तिला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. कुणी प्रारब्ध म्हणतं, कुणी भोग म्हणतं. आणि भोग म्हटलं की उपाय शोधायची जबाबदारी आपोआप संपते.

माझं म्हणणं सरळ आहे. हे दुखणं बहुतेक पेशंटमध्ये बऱ्यापैकी आटोक्यात आणता येतं. त्याचं औषध जुनं आहे, स्वस्त आहे, त्याचा कच्चा माल आपल्याच देशात पिकतो, आणि २०१४ मध्ये कायद्यानेही त्याची वाट बरीच मोकळी केली. एवढं सगळं असून ते गाडीतळावरच्या, माळवाडीच्या, ससाणेनगरच्या, रामटेकडीच्या पेशंटपर्यंत पोचत नसेल, तर दोष रोगाचा नाही. आपल्या भीतीचा आणि आपल्या न विचारण्याचा आहे.

औषधाचं नाव मॉर्फिन.

नाव ऐकून दचकलात ना? साहजिक आहे. म्हणून आधी ते काय आहे ते बघू.

दिवाळीत आपण अनारशाला जी खसखस लावतो, ती अफूच्या बोंडातली बी. त्याच बोंडाला हिरवं असताना चिरा दिल्या की चीक येतो, तो वाळला की अफू. अफूपासून मॉर्फिन काढतात. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर, राजस्थानात चित्तोडगड या भागांत शेतकरी केंद्र सरकारच्या परवान्याने अफू पिकवतात आणि सगळा चीक सरकारला विकतात. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. वैध अफू पिकवून जगाला निर्यात करणारा देश म्हणून आपलं नाव कित्येक दशकांपासून आहे.

आणि आपल्या पेशंटचं काय? २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरातल्या वेदनेचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजानुसार भारतात या जातीच्या औषधांची जेवढी गरज आहे, त्याच्या सुमारे ४ टक्केच भागते. म्हणजे शंभर रुपयांची गरज असलेल्याच्या हातावर आपण चार रुपये टेकवतो. जगाला अफू विकणाऱ्या देशात ही अवस्था आहे.

आता डॉक्टर लोक दुखणं कसं हाताळतात ते साध्या भाषेत सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. दुखणं हलकं असेल तर पहिली पायरी: पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे. मध्यम असेल तर दुसरी: कोडीन, ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची सौम्य औषधं. तीव्र असेल तर तिसरी: मॉर्फिन, फेंटॅनिल. अफूपासून काढलेली किंवा तिच्यासारखंच काम करणारी ही जी औषधं, त्यांना ओपिऑइड म्हणतात.

शिडीसोबत दोन साधे नियम आहेत. एक, जमेल तोवर औषध तोंडाने द्यायचं, उगाच इंजेक्शन नाही. दोन, घड्याळ बघून द्यायचं. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो, म्हणून ती दर चार तासांनी. दुखायला लागलं की मग घेऊ, असं नाही. दुखणं परत डोकं वर काढायच्या आत पुढची गोळी पोटात गेली पाहिजे. शुगरची गोळी आपण शुगर वाढल्यावर घेतो का? वेळेवर घेतो. हेही तसंच.

आपल्याकडे होतं काय? पेशंट पहिल्या पायरीवरच अडकून बसतो. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणायची आणि चणे-फुटाणे खावेत तशी संपवायची. महिनोन्महिने अशा गोळ्या खाल्ल्या तर जठरात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर परिणाम होतो. त्या गोळ्या कुणी चिठ्ठी न विचारता देतो, आणि आपण न घाबरता खातो. ज्या औषधाला आपण घाबरतो ते मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट दिलं तर ना जठराला छिद्र पाडत, ना लिव्हर खराब करत. भीती असावी, पण ती योग्य गोष्टीची असावी एवढंच.

ही भीती आली कुठून, हेही समजून घ्यायला हवं. ती अगदीच बिनबुडाची नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची 'बाळागोळी' देऊन निजवायच्या, हा आपलाच इतिहास आहे. पोटासाठी त्यांना कामावर जावं लागायचं आणि पोराला बघायला कुणी नसायचं. कितीतरी पोरांची तब्येत त्या गोळीने गेली. लोकांना गुंगीत ठेवणाऱ्या कुठल्याही गोष्टीला आपण मराठीत 'अफूची गोळी' म्हणतो. तेव्हा शब्दाचीच बदनामी जुनी आहे.

मग १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला, एनडीपीएस म्हणतो तो. तस्करांना जरब बसावी हा हेतू. शिक्षा कडक, मोठ्या गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी. पण जरब तस्करांच्या आधी डॉक्टरांना आणि केमिस्टला बसली. एका हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागायचे, आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागायचे. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. रजिस्टरमध्ये चार गोळ्यांचा हिशेब चुकला तर पोलीस दारात, ही धास्ती वेगळीच. हॉस्पिटलांनी सोपा मार्ग काढला: मॉर्फिन ठेवणंच बंद. देशात औषध म्हणून वर्षाला साधारण ६०० किलो मॉर्फिन वापरलं जायचं, ते १९९७ मध्ये १८ किलोवर आलं. एवढ्या मोठ्या देशाला १८ किलो! या काळात डॉक्टर झालेली अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी हातात न धरता शिकली. आज ज्यांच्याकडे आपण तपासायला जातो ते बरेच डॉक्टर याच पिढीचे आहेत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. जे शिकवलंच नाही ते कसं लिहितील?

हे बदलावं म्हणून काही लोक वर्षानुवर्षं झगडले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल त्यात पुढे होते. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना 'अत्यावश्यक' असा वेगळा दर्जा मिळाला आणि २०१५ मध्ये त्यांचे नियम आले. चार-पाच परवान्यांची भानगड गेली. आता हॉस्पिटलने राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे, एकच अर्ज करायचा. प्रशिक्षित डॉक्टर हवा, साठा कुलपात हवा, नोंदी चोख हव्यात. मान्यता मिळाली की झालं. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेलं मॉर्फिन पेशंटने जवळ बाळगणं हा गुन्हा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुष्कळ नातेवाईक नुसत्या पोलिसांच्या भीतीने नको म्हणतात.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आहे तो घेऊ. "सवय लागली तर?"

प्रश्न रास्त आहे. आपण पुण्यात राहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच सोलापूर रोडवर पुढे, कुरकुंभच्या एमआयडीसीतून पुणे पोलिसांनी मेफेड्रॉनचा प्रचंड साठा पकडला, ते सगळ्यांना आठवत असेल. ड्रग्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तेच येतं. पण मेफेड्रॉन, म्हणजे एमडी, हे कारखान्यात चोरून बनवलेलं, मेंदूला उत्तेजित करणारं रसायन. दुखणं कमी करणाऱ्या औषधांच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. दोन्हींना एकच 'ड्रग्ज' शब्द लावल्यामुळे कॅन्सरचा म्हातारा पेशंट आणि नशेचा धंदा करणारा एका रांगेत उभे राहतात.

सवय हा शब्दही जरा सोलून बघायला हवा. महिनाभर मॉर्फिन घेतलेल्या पेशंटचं शरीर त्याला सरावतं. एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, अस्वस्थपणा असा त्रास होतो. म्हणून ते हळूहळू कमी करत बंद करतात. असं हळूहळू बंद करायची पद्धत स्टेरॉईडच्या गोळ्यांनाही आहे. व्यसन वेगळं. त्यात माणूस दुखणं नसतानाही त्या गोळीच्या मागे धावतो, घरदार, काम, नाती सोडतो. दुखणं थांबलं म्हणून जो पेशंट परत जेवायला लागतो, नातवाशी बोलायला लागतो, त्याचं आयुष्य गोळीमुळे मोठं होतंय की लहान, ते घरच्यांना दिसतंच. अशा देखरेखीखालच्या पेशंटमध्ये व्यसन क्वचित दिसतं. मुळीच नाही असं नाही, म्हणूनच देखरेख.

दुसरी भीती: "मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता संपलं." हीही चूक. मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवर ठरतं, किती दिवस उरले यावर नाही. काही पेशंट ते महिनोन्महिने घेतात आणि हिंडतात-फिरतात. रेडिएशनने गाठ कमी झाली आणि दुखणं उतरलं तर डोस कमी होतो, बंदही होतो.

मॉर्फिनचे त्रास लपवायचे नाहीत, नाहीतर माझी पोस्ट जाहिरात होईल. बद्धकोष्ठ जवळपास प्रत्येकाला होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध सोबत लागतं. ते डॉक्टर लिहायला विसरले तर तुम्ही आठवण करा. पहिले काही दिवस मळमळ आणि झोपाळूपणा येतो, तो बहुतेकांत ओसरतो. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, तिथे डोस बदलावा लागतो किंवा दुसरं औषध, जसं तीन दिवस चालणारी फेंटॅनिलची पट्टी. डोस एकदम वाढवला किंवा झोपेच्या गोळ्या-दारूसोबत घेतलं तर श्वास मंदावू शकतो. हा खरा धोका आहे. डोस लहान सुरू करून हळूहळू वाढवणं हाच त्यावर उपाय. आणि नसांच्या दुखण्यात, जिथे आग होते, विजेसारखी कळ जाते, तिथे एकटं मॉर्फिन पुरत नाही, सोबत वेगळी औषधं लागतात. म्हणजे हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. व्हॉट्सॲपवर डोस विचारायचा हा विषय नाही.

अमेरिकेचं उदाहरण मला कॉमेंटमध्ये कुणीतरी देणारच, म्हणून आधीच घेतो. तिथे १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आणली आणि तिचं व्यसन क्वचितच लागतं असं सांगत डॉक्टरांच्या गळी उतरवली. कंबरदुखी, गुडघेदुखी, दात काढला, सगळ्यांना गोळी. कंपनीने पुढे २००७ आणि २०२० मध्ये कोर्टात गुन्हे कबूल केले. गोळ्यांमागून हेरॉईन आलं, मग चोरटं फेंटॅनिल. २०२१ या एका वर्षात तिथे ओपिऑइडच्या ओव्हरडोसने सुमारे ८० हजार माणसं गेली.

आपलंही हात झटकून चालणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की मुंबईची एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती आणि तिथली पोरं त्यावर नशा करत होती. त्यानंतर सरकारने त्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवायचे आदेश दिले. ट्रॅमाडॉलचाही गैरवापर वाढला म्हणून २०१८ मध्ये ते एनडीपीएसखाली आणावं लागलं.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं. अमेरिकेत गोळी विकणाऱ्याचा नफा गोळीवर ठरत होता आणि ज्यांना गरज नाही त्यांना ती दिली गेली. आपल्याकडे ज्यांना गरज आहे त्यांना दिली जात नाही. दोन्हीकडे दुखणाऱ्या माणसाकडे नीट बघणारं कुणी नव्हतं. साधी कंबरदुखी, जुनी गुडघेदुखी यासाठी कुणी ओपिऑइड महिनोन्महिने द्यायला लागलं तर मी विरोधच करीन. पण कॅन्सर हाडात उतरलेल्या माणसाला, भाजलेल्या बाईला, हायवेवर मांडी मोडून आलेल्या पोराला, सिकलसेलच्या कळांनी तळमळणाऱ्या विदर्भातल्या, नंदुरबारच्या मुलाला "सहन कर" म्हणणं हा संयम नाही. तो निष्काळजीपणा आहे.

करता येतं का? येतं. लांब जायला नको. आपल्याच पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून चालतंय. कॅन्सरच्या पेशंटची मोफत काळजी घेतली जाते, घरच्यांनाही शिकवलं जातं. मुंबईत बांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस. टाटा मेमोरियलमध्ये तर याचा स्वतंत्र विभाग आहे. दुखणं आणि बाकीचे त्रास हलके करणाऱ्या या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती फक्त शेवटच्या दिवसांची नाही, उपचार चालू असतानाही घ्यायची असते.

पण हडपसरहून वारजे म्हणजे शहराचं पूर्वेचं टोक ते पश्चिमेचं टोक. धडधाकट माणूस सोलापूर रोडच्या ट्रॅफिकला वैतागतो. हाडात कॅन्सर असलेला माणूस रिक्षात बसून प्रत्येक स्पीडब्रेकरला काय भोगत असेल याचा विचार करा. एका गोळीच्या पाकिटासाठी त्याने शहर ओलांडायचं?

केरळने हे घराघरात नेलं. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी छोटं क्लिनिक काढलं. पुढे मलप्पुरमकडे गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले: शिक्षक, रिक्षावाले, कॉलेजची पोरं. कोण अंथरुणाला खिळलंय हे गल्लीतल्या माणसाला आधी कळतं, म्हणून गल्लीतल्याच माणसाला शिकवलं. २००८ मध्ये केरळ सरकारने याचं धोरण केलं आणि पंचायती-नगरपालिकांच्या मदतीने नर्स घरोघर जायला लागल्या. मॉर्फिन तिथेही कुलपातच असतं, नोंदी तिथेही होतात.

मग हडपसर का नाही? हे तेच हडपसर आहे जिथे १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. जानेवारी २०२१ मध्ये कोविशिल्डच्या गाड्या इथून निघाल्या तेव्हा अख्ख्या देशाचे कॅमेरे आपल्याकडे होते. जगभरातल्या लेकरांना टोचल्या जाणाऱ्या लशी आपल्या गावात बनतात. मग घड्याळ बघून मॉर्फिनची गोळी द्यायची व्यवस्था आपल्याला जड जावी का?

आपण काय मागायचं, ते नेमकं सांगतो.

१. पुणे महापालिकेच्या हडपसरमधल्या अण्णासाहेब मगर रुग्णालयात आठवड्यातून किमान दोन दिवस पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी असावी, आणि रुग्णालयाकडे अन्न व औषध प्रशासनाची ती एक मान्यता असावी. मान्यता आहे का, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन साठ्यात आहे का, किती पेशंटना दिलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा अर्ज आहे.

२. महापालिकेने दोन डॉक्टर आणि चार नर्सना प्रशिक्षण द्यावं. प्रशिक्षण देणारी संस्था याच शहरात आहे.

३. जे पेशंट उठू शकत नाहीत त्यांच्या घरी नर्स जावी. आयुष्मान आरोग्य मंदिरात द्यायच्या सेवांच्या यादीत ज्येष्ठांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आहेच. कागदावर आहे, ती दारापर्यंत यायला हवी.

४. आपल्या भागातल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांनी दर्शनी बोर्डवर लिहावं: आमच्याकडे मॉर्फिन मिळतं किंवा मिळत नाही. आयसीयूचे, एमआरआयचे बोर्ड लागतात, मग हा का नको? मॉर्फिनची गोळी स्वस्त असते, तिच्यात कुणाला फारसा नफा नाही. कदाचित म्हणूनच तिचा बोर्ड लागत नाही.

५. ज्या घरात मॉर्फिन दिलंय तिथून उरलेल्या गोळ्या परत घ्यायची पद्धत असावी. पेशंट गेल्यावर त्या कपाटात पडून राहू नयेत. गैरवापर रोखायचा तर तो असा रोखायचा, पेशंटची गोळी अडवून नाही.

नगरसेवक, आमदार मत मागायला येतात तेव्हा रस्ता, पाणी, कचरा विचारतोच. आता हेही विचारूया: "आमच्या वॉर्डात रात्री दुखायला लागलं तर औषध कुठे मिळतं?"

आणि तोवर आपल्या घरात काय करायचं?

पेशंटला रोज विचारा, "शून्य ते दहा मध्ये आज दुखणं किती?" शून्य म्हणजे नाही, दहा म्हणजे असह्य. वहीत तारीख, वेळ, आकडा लिहा. डॉक्टरांपुढे वही ठेवा. "खूप दुखतं" यापेक्षा "तीन रात्री आठ होतं" याने डॉक्टरांना पुढचं ठरवायला सोपं जातं. मग थेट विचारा, "डॉक्टर, पुढच्या पायरीचं औषध द्यायची वेळ आली का? तुमच्याकडे नसेल तर चिठ्ठी द्या, कुठे जायचं ते सांगा." यात उद्धटपणा काही नाही. गोळ्या मिळाल्या तर कुलपात ठेवा, घरात लहान मुलं असतात. आणि आईला, काकूला, आजीला दोनदा विचारा. पहिल्यांदा त्या "काही नाही गं" असंच म्हणणार.

डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो, तुमच्याशीही बोलायचंय. मान्यतेचा कागद, रजिस्टर, तपासणी हे कटकटीचं आहे, मान्य. पण जो कायदा तुम्हाला अडवत होता तो बदलून दहा वर्षं उलटून गेली. आता हडपसरच्या दोन-तीन डॉक्टरांनी जरी एकत्र येऊन अर्ज केला, तरी इथल्या शेकडो घरांतल्या रात्री बदलतील.

शेवटचं. दरवर्षी आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी हडपसरला येते आणि इथूनच दोन वाटांना लागते, एक दिवे घाटाकडे, एक लोणीकडे. त्या दिवशी आपण काय करतो? ओळख ना पाळख अशा वारकऱ्याचे पाय मांडीवर घेऊन तेल लावून चोळून देतो. "चालायचंच, वारी म्हटली की पाय दुखणार" असं कुणी म्हणत नाही. दुखतंय ना, मग आण पाय इकडे. एवढं साधं असतं.

तीच रीत आपल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी का नसावी?

तुमच्या माहितीत दुखण्याने तळमळणारं कुणी असेल तर ही पोस्ट त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचवा. माहिती अधिकाराचा अर्ज करायला सोबत येणार असाल तर कॉमेंटमध्ये 'मी येतो' किंवा 'मी येते' एवढं लिहा. पाच जण जमले तरी पुढच्या सोमवारी अर्ज टाकू.

#हडपसर #दुखणं_सोसायचं_नाही